कवळाण्याचा गोपाळ, बडोद्याचा राजा

फर्दापुराहून मावळतीकडं, चाळीसगाव ओलांडून पुढं गेलं की मालेगाव तालुका लागतो. त्या तालुक्यात कवळाणे नावाचं गाव आहे. तिथं 1863 साली काशीराव गायकवाडांच्या घरी गोपाळ जन्मला. घर शेतकऱ्याचं. बडोद्याचे राजे त्यांचे भाऊबंद, पण नातं फार लांबचं. पोर बारा वर्षांचं झालं तरी त्याला अक्षराची ओळख नव्हती.

तिकडं बडोद्याला मल्हारराव राज्य करीत होते. कारभार वाईट. इंग्रज रेसिडेंटाला विष घालण्याचा प्रयत्न केला, असा आरोपही त्यांच्यावर आला. 1875 साली इंग्रजांनी त्यांना गादीवरून काढलं. आता वारस कोण? मल्हाररावांचे थोरले भाऊ खंडेराव आधीच वारले होते. त्यांच्या राणी जमनाबाई यांना दत्तक घेण्याची परवानगी मिळाली.

दत्तक म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊकच आहे. जन्मदात्या बापाच्या जमिनीतला वाटा सुटतो, नव्या घरचा वारसा मिळतो. काशीराव तीन मुलं घेऊन बडोद्याला गेले. "इथं कशाला आलास?" असं मुलांना विचारलं. गोपाळ म्हणाला, राज्य करायला आलो! अशी गोष्ट सांगतात. ती खरी असो नसो, निवड गोपाळचीच झाली. 27 मे 1875 रोजी दत्तकविधान झालं. गोपाळचे सयाजीराव झाले.

गादी मिळाली, पण कारभार लगेच हाती आला नाही. अज्ञान मुलाची शेती पालक सांभाळतो ना? तसं ते राज्य दिवाण टी. माधवराव यांनी सांभाळलं. राजा मुळाक्षरं गिरवायला बसला. मराठी, गुजराती, उर्दू, इंग्रजी, चार चार भाषा! 28 डिसेंबर 1881 रोजी त्यांना पूर्ण अधिकार मिळाले.

1893 साली सयाजीरावांनी अमरेलीकडच्या काही गावांत शिक्षण सक्तीचं केलं. 1906 साली ते सगळ्या राज्यात लागू झालं, मुलांना आणि मुलींनाही. पण शिकलेल्याला पुढं वाचायला मिळालं नाही, तर तो अक्षर विसरतो. म्हणून पुस्तकांच्या पेट्या भरून खेडोपाडी धाडायची सोय केली. 1913 साली भीमराव आंबेडकर अमेरिकेला शिकायला गेले, ते बडोद्याच्याच शिष्यवृत्तीवर.

6 फेब्रुवारी 1939 रोजी सयाजीराव वारले. थोरला मुलगा आधीच गेला होता, म्हणून गादी नातवाला, प्रतापसिंहरावांना मिळाली. 1 मे 1949 रोजी ते राज्य मुंबई प्रांतात विलीन झालं. सयाजीरावांनी स्वतःची पुस्तकं देऊन उभं केलेलं मध्यवर्ती ग्रंथालय बडोद्यात अजून चालू आहे.