एकशेवीस-ऐंशी म्हणजे नेमकं किती?

"माझं बीपी एकशेवीस-ऐंशी, एकदम नॉर्मल!" दवाखान्यातून आलेली आजी खुशीत सांगते. पण मोजलं काय? रक्त नव्हे, रक्ताचा जोर!

लातूरच्या दोस्तांनो, घरी विचारा. एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती. पहिल्या खेपेला दहा वाघिणींत सुमारे ५ लाख लिटर पाणी होतं. म्हणजे एका वाघिणीत ५० हजार. आता बाबांचं मुठीएवढं हृदय बघा. बसल्या जागी ते मिनिटाला साधारण ५ लिटर रक्त ढकलतं. करा गुणाकार! दिवसाला ७,२०० लिटर, सात दिवसांत एक अख्खी वाघीण! (अंगात रक्त पाचेक लिटरच असतं बरं का, तेच पुन्हा पुन्हा फिरतं.)

हृदय आवळलं की रक्त धमन्यांच्या भिंतींवर जोरात दाबतं. तो वरचा आकडा. हृदय सैल होऊन पुन्हा भरतं, तेव्हाचा दाब म्हणजे खालचा आकडा. तो शून्य का होत नाही? कारण ताणलेल्या धमन्या आकसतात आणि रक्त पुढे रेटत राहतात. मला हे सगळ्यात भारी वाटतं!

१२० म्हणजे १२० मिलिमीटर पारा. पारा पाण्याच्या १३.६ पट जड. म्हणून एवढ्या दाबानं उभ्या नळीत पाणी १ मीटर ६३ सेंटिमीटर चढेल. आईची उंची मोजून बघा! जिराफाचं डोकं तर केवढं उंच. म्हणून जिराफाचा दाब आपल्या दाबाच्या जवळजवळ दुप्पट असतो.

मोठ्या माणसांचा दाब १२०/८० च्या आसपास किंवा थोडा खाली असला की छान. वेगवेगळ्या दिवशी मोजूनही १४०/९० किंवा त्याहून जास्त भरला, तर तो उच्च रक्तदाब. मधल्या आकड्यांवर लक्ष ठेवायचं, लोणचं-पापड असं खारट जरा कमी करायचं. ९०/६० च्या खाली जाऊन चक्कर येत असेल, तर डॉक्टरांना दाखवायचं. तुमचे आकडे मात्र वय आणि उंचीप्रमाणे वेगळे.

नांदेडच्या मोंढ्यातून भराभर चालत आलेल्या आजोबांना लगेच बीपीचा पट्टा बांधला, तर आकडा चढलेलाच दिसणार. आधी पाच मिनिटं शांत बसायचं, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात हृदयाच्या उंचीला. वाढलेला दाब बहुतेकदा दुखतखुपत नाही, म्हणून तर तो मोजावाच लागतो. सरकारी आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांचा मोजतात. आजोबांना घेऊन जा, आणि पट्टा फुगत असताना त्यांच्याशी अजिबात बोलू नका. बोलण्यानंही आकडा वाढतो!