रक्ताचा सामू

माती परीक्षणाचा अहवाल हातात आला की धाराशिवचा शेतकरी सामू (पीएच), म्हणजे आम्ल-अल्कतेचं माप, बघतो. तो ८ च्या आसपास असला तरी रानात हरभरा उभा राहतो. त्याच्या लेकराच्या रक्ताला मात्र एवढी मोकळीक नाही. तिथला सामू ७.३५ ते ७.४५ या चिंचोळ्या पट्ट्यातच राहावा लागतो. आणि झोपेत, जागेपणी, उपाशीपोटी, जेवल्यावर, तो राहतोच!

बालाघाटाच्या पठारावरचं धाराशिव समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंच. इथली हवा मुंबईपेक्षा जेमतेम ७ टक्के विरळ, शरीराला ते जाणवतही नाही. हेच मूल सुट्टीत ३५०० मीटरवरच्या लेहला गेलं, की हवेचा दाब एक-तृतीयांशाने कमी होतो. गळ्यातल्या धमन्यांजवळ दोन इवल्याशा गाठी असतात. रक्तातला ऑक्सिजन घटल्याचं त्यांना काही क्षणांत कळतं आणि श्वास वाढतो. त्या श्वासांबरोबर कार्बन डायऑक्साइडही जास्त बाहेर पडतो. हा वायू रक्तात आम्ल तयार करतो, तो घटला की रक्त अल्कधर्मी होऊ लागतं. मग मूत्रपिंडं बायकार्बोनेट, म्हणजे रक्तातलं अल्क, लघवीवाटे सोडतात. याला काही दिवस लागतात. लेहला पोचल्यावर निदान पहिले दोन दिवस मुलांना पळू देऊ नका असं सांगतात, ते शरीराला असा वेळ मिळावा म्हणूनच, आणि ते ऐकायलाच हवं.

उंचावर वाढणाऱ्या मुलांमध्ये तर हा हिशेब कायमचाच. धाराशिवच्या निरोगी शाळकरी मुलाच्या रक्तात कार्बन डायऑक्साइडचा दाब ४० मिमी पाऱ्याच्या आसपास, बायकार्बोनेट लिटरमागे २४ मिलिमोलच्या. बोलिव्हियातल्या ला पाझमध्ये, ३६०० मीटरवर, हेच आकडे साधारण ३० आणि १८ ते २०. दोन्ही घटले, पण जवळपास एकाच प्रमाणात. सामू ठरतो तो या दोहोंच्या गुणोत्तरावर, म्हणून दोन्ही मुलांचा सामू ७.४ च्या जवळच!

ला पाझच्या मुलाचा अहवाल गाव झाकून धाराशिवच्या डॉक्टरांपुढे ठेवला, तर ते बहुधा आधी विचारतील, ‘जुलाब होतायत का?’ कारण जुलाबात बायकार्बोनेट शौचावाटे जातं आणि लेकरू भराभर श्वास घेऊन कार्बन डायऑक्साइड घालवतं. आकडे तसेच, क्रम उलटा. फरक सामू सांगतो, कारण जुलाबात तो थोडा खालीच राहतो.

मूत्रपिंडं उंचीवर करतात त्या भरपाईलाही मर्यादा आहे. मे २०१८ मध्ये चंद्रपूरच्या आश्रमशाळांचे पाच विद्यार्थी एव्हरेस्टवर पोचले. त्याच डोंगरावर २००७ साली ८४०० मीटरवर चार गिर्यारोहकांचं रक्त तपासलं होतं. कार्बन डायऑक्साइडचा दाब सरासरी १३.३, सामू ७.५३. तिथे मूत्रपिंडं मागे पडतात.

आता सगळ्यात नवलाची गोष्ट. ला पाझचे ते आकडे धाराशिव जिल्ह्यातल्या भूम, परंडा, तुळजापुरातही सापडतात, गरोदर बायकांच्या रक्तात. प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकामुळे त्यांचा श्वास खोल होतो, कार्बन डायऑक्साइड ३० च्या आसपास येतो आणि मूत्रपिंडं बायकार्बोनेट २० च्या जवळ आणतात. आईच्या रक्तात हा वायू कमी, बाळाच्या रक्तात जास्त. त्यामुळे बाळाचा कार्बन डायऑक्साइड वारेतून सहज आईकडे वाहत येतो आणि तिच्या श्वासातून बाहेर पडतो.