तानसा: एकशेतीस वर्षांच्या धरणाची भीती किती खरी?

पावसाळ्यात तानसा भरून वाहू लागला की आपल्या मोबाईलवर दोन मेसेज फिरतात. एक खुशीचा, पाणीकपात टळल्याचा. दुसरा घाबरवणारा: इंग्रजांच्या काळातलं धरण आहे, कधीही फुटेल. या दुसऱ्या मेसेजकडे आपण जरा शांतपणे पाहू या, कारण तो पूर्ण खोटा नाही आणि पूर्ण खराही नाही.

शहापूर तालुक्यातलं हे धरण 1892 मध्ये बांधून झालं. मालकी मुंबई महापालिकेची, काम एकच: शहराला पिण्याचं पाणी. भिंत सुमारे पावणेतीन किलोमीटर लांब. मुंबईला पाणी देणाऱ्या सात तलावांत मिळून साधारण साडेचौदा लाख दशलक्ष लिटर पाणी मावतं, त्यात तानसाचा वाटा सुमारे 1 लाख 45 हजार, म्हणजे दहावा हिस्सा. तेव्हा "जुनं झालं, पाडून टाका" म्हणणाऱ्यांनी आधी हा हिस्सा कुठून आणणार ते सांगावं.

आता सुरक्षिततेचं. तानसा दगडी आहे आणि स्वतःच्या वजनावर उभं आहे. पाणी भिंतीला ढकलतं, वजन तिला जागेवर धरून ठेवतं. घरातलं कपड्यांनी भरलेलं लोखंडी कपाट सरकवून पाहा, म्हणजे कळेल. पण पायात आणि सांध्यांत झिरपलेलं पाणी खालून वर दाब देतं, त्यामुळे तीच भिंत जणू हलकी होते. फ्रान्समधलं बूझे धरण 1895 मध्ये फुटलं, ऐंशीहून जास्त माणसं गेली, तेव्हा कुठे इंजिनिअर मंडळींनी हा दाब हिशेबात धरायला सुरुवात केली. तानसा त्याच्या तीन वर्षं आधीचं. म्हणून त्या काळच्या धरणांचं गणित आजच्या नियमाने पुन्हा मांडावंच लागतं.

दुसरी गोष्ट चुन्याची. तेव्हा दगड चुन्यात बसवत. झिरपणारं पाणी हळूहळू तो चुना सोबत नेतं, भिंतीवर पांढरे ओघळ दिसतात. ओघळ दिसला म्हणजे धरण गेलं, असं नाही. गळती मोजली जाते का, दरवर्षी वाढते का, पाणी गढूळ येतं का, हे खरे प्रश्न. गळती वाढली तर भोकं पाडून सिमेंटचं पातळ मिश्रण दाबाने भरतात, पायातलं पाणी बाहेर काढायला वाटा ठेवतात.

नुसतं वय पाहून काही कळत नाही. चिपळूणजवळचं तिवरे धरण 2 जुलै 2019 च्या रात्री फुटलं, ते जेमतेम वीस वर्षांचं होतं. मातीचं धरण, गळतीची तक्रार गावकऱ्यांनी आधीच केली होती. नंतर मंत्र्यांनी खेकड्यांना दोषी ठरवलं! उलट खडकवासला 1879 चं, दगडी, ब्याऐंशी वर्षं टिकलं. 12 जुलै 1961 ला वरचं पानशेत फुटलं आणि त्याचा लोंढा अंगावर आल्यावर तेही गेलं.

2021 च्या धरण सुरक्षा कायद्याने आता मालकावर जबाबदारी टाकली आहे: पावसाळ्याआधी आणि नंतर पाहणी, स्वतंत्र तज्ज्ञांकडून तपासणी, आणि आपत्कालीन आराखडा. आम्हाला सर्वात महत्त्वाचा हा शेवटचा कागद वाटतो. तानसा नदी पुढे वज्रेश्वरी, गणेशपुरीच्या बाजूने वाहते. पाणी सोडल्यावर कोणत्या गावाला किती वेळात खबर मिळणार, भोंगा कुठे, रात्री फोन कोण उचलणार, हे तिथल्या माणसाला मराठीत कळलं पाहिजे. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो. शेवटच्या पाहणीचा अहवाल आणि हा आराखडा, दोन्ही एकाच अर्जात मागता येतात.

आणि मागताना शहापूरच्या पाड्यांचंही विचारावं. तलावांच्या त्या तालुक्यात उन्हाळ्यात आजही टँकर फिरतात.