सरकारही भाड्याने राहतं!

कॉलेज सुरू झालं की पहिला महिना रूम शोधण्यातच जातो. पाठीला सॅक, हातात मोबाइल आणि तोंडात एकच वाक्य, ‘काका, डिपॉझिट जरा कमी होईल का?’ मग ११ महिन्यांचा करार, चौघांत एक बाथरूम आणि रात्री दहाला गेट बंद. ११ महिनेच का, असा प्रश्न कधी पडलाय? वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याची नोंदणी केंद्राच्या कायद्याने सक्तीची आहे, म्हणून देशभर ही पळवाट रूढ झाली. महाराष्ट्रात मात्र १९९९च्या भाडे नियंत्रण कायद्यानुसार ११ महिन्यांचा करारही लेखी आणि नोंदणीकृतच हवा. नोंदणी करायची जबाबदारी मालकाची. ती त्याने केली नाही आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं खरं धरतात. हे मालकाला ऐकवायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

गंमत म्हणजे भाडं, मालकी आणि डिपॉझिटच्या याच चक्रात आपलं सरकारही अडकलेलं असतं.

मंत्रालयाचंच बघा. २१ जून २०१२ला लागलेल्या आगीत वरचे मजले जळाले आणि कितीतरी विभागांना मुंबईत दुसरीकडे बिऱ्हाड थाटावं लागलं. जागेची टंचाई मात्र त्या आधीपासूनच होती. समोरच नरिमन पॉइंटला एअर इंडियाची २३ मजली इमारत उभी. कंपनीने २०१३मध्ये मुख्यालय दिल्लीला हलवलं, पुढे इमारत विकायला काढली. राज्य सरकारने आधी १४०० कोटींची तयारी दाखवली होती, आयुर्विमा महामंडळ आणि जेएनपीटीही रांगेत होते. शेवटी नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य मंत्रिमंडळाने १६०१ कोटींना मंजुरी दिली आणि मार्च २०२४मध्ये केंद्राने हस्तांतरण मान्य केलं.

आता खरी मेख ऐका. ती जमीन राज्य सरकारचीच आहे, एअर इंडियाला भाडेपट्ट्याने दिलेली. म्हणजे घरमालकाने आपल्याच प्लॉटवर भाडेकरूने बांधलेलं घर विकत घेतलं. शिवाय आपली २९८ कोटी ४२ लाखांची येणी माफ केली. दोन्ही धरून हिशेब जवळपास १९०० कोटींवर जातो. सौदा वाईट होता, असं मला म्हणायचं नाही. मंत्रालयाला लागून तेवढी जागा पुन्हा मिळणार नव्हती. पण बातमीत १६०१चाच आकडा मोठ्या अक्षरात येतो, माफ केलेली येणी शेवटच्या ओळीत.

‘आम्हाला काय त्याचं?’ असं म्हणत असाल, तर जरा हॉस्टेलकडे वळू.

मागासवर्गीय मुला-मुलींची शासकीय वसतिगृहं काही ठिकाणी स्वतःच्या इमारतीत आहेत, काही ठिकाणी भाड्याच्या. इतर मागासवर्गीयांसाठी सरकारने ७२ वसतिगृहं जाहीर केली. ३६ जिल्हे, प्रत्येकी एक मुलांचं, एक मुलींचं, दर वसतिगृहात १०० जण. ती सुरू करायची तर भाड्याच्या इमारती शोधणं आलं. स्वतःची इमारत म्हणजे आधी शहरात जागा, मग आराखडा, मंजुरी, टेंडर, ठेकेदार. एवढ्यात एफवायचा मुलगा पदवी घेऊन बाहेर पडतो. भाड्याची इमारत एखाद्या वर्षात मिळू शकते, हा तिचा मोठा फायदा.

तोटा काय, तो माझ्या एका मित्राच्या वसतिगृहात गेल्यावर कळला. इमारत बांधली होती फ्लॅट म्हणून. चौघांच्या कुटुंबाला पुरेल अशा फ्लॅटमध्ये बारा मुलं. सकाळी संडासासमोर नंबर लावायचा, अभ्यासिका म्हणजे पार्किंगमधली चार टेबलं. नळ गळतो, त्याची तक्रार वॉर्डनकडे. वॉर्डन म्हणतात, मालकाला सांगा. मालक म्हणतो, सरकारकडून भाडं थकलंय, आधी ते द्या. जेवण ठेकेदाराचं, सफाई दुसऱ्या ठेकेदाराची. भांडायचं कुणाशी, हेच कळत नाही.

तिसरा मार्ग म्हणजे इमारतही नको, मेसही नको, थेट खात्यात पैसे. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार, आदिवासींसाठी स्वयंम, ओबीसींसाठी सावित्रीबाई फुले आधार योजना, या सगळ्या याच वळणाच्या. ज्याला वसतिगृहात जागा मिळाली नाही, त्याला निदान काहीतरी मिळतं, हे खरंच मोलाचं आहे. पण स्वाधारची रक्कम ठरली तेव्हा मुंबई, पुणे, नागपूरसारख्या शहरांत वर्षाला ६० हजार होती आणि त्यात निवासाचे २० हजार. महिन्याला साधारण १६६६ रुपये. एवढ्यात पुण्यात कॉट मिळत असेल तर आम्हालाही कळवा! मेसऐवजी पैसे देण्याच्या निर्णयावरूनच २०१८च्या जुलैमध्ये आदिवासी विद्यार्थी पुण्याहून नाशिकच्या दिशेने पायी निघाले होते. ताटातलं जेवण आणि उशिरा जमा होणारे पैसे यांत फरक असतो, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

मला विचाराल तर भाडं वाईट आणि मालकी चांगली असं सरळ गणित नाही. दोन वर्षांची सोय म्हणून घेतलेली इमारत दहा वर्षं तशीच चालू राहते, तिथे घोडं पेंड खातं. खासगी जागा घेताना ‘सरकारी जागा उपलब्ध नाही’ हे दाखवावं लागतं आणि वाजवी भाडं किती, हे सार्वजनिक बांधकाम विभाग ठरवतो. म्हणजे कागद असतोच. तो मागायला वकील लागत नाही. माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, आणि ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक. मासिक भाडं किती, डागडुजी कुणाकडे, अग्निशमनाचा दाखला आहे का, स्वतःच्या इमारतीसाठी जागा मागितली आहे का, एवढं विचारलं तरी पुरे.

मित्राने गेल्या आठवड्यात असा अर्ज टाकलाय. बारा जणांनी मिळून प्रश्न काढले, चहा पीत, त्या पार्किंगमधल्या टेबलावर. पहिला प्रश्न आहे, ‘या इमारतीचा करार कधी संपतो?’