लढाईत सरकारने घेतलेल्या मालाचे पैसे

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मुंबईत वा कुलाबा जिल्ह्यात लहानाचे मोठे झालेल्या आपल्या वडीलधाऱ्यांना ‘रिक्विझिशन’ हा शब्द आठवत असेल. घर, गोदाम, मोटार किंवा माल सरकार लढाईच्या कामासाठी ताब्यात घेई. ही जप्ती नव्हे. घेतलेल्याचा मोबदला देणे सरकारवर बंधनकारक होते.

आधार होता १९३९ चा भारत संरक्षण कायदा व त्याखालील नियम ७५-अ. प्रार्थनेची जागा मात्र या नियमाने घेता येत नसे, म्हणून आपल्या मशिदींना (सिनेगॉगना) त्याचे भय नव्हते.

पैशांची रीत दोन प्रकारची होती. जागा घेतली, तर प्रथम आपसांत रक्कम ठरवायची. जमले नाही, तर हायकोर्टाचा न्यायाधीश होण्यास पात्र असा लवाद नेमला जाई आणि दोन्ही बाजू म्हणणे मांडीत. मोटार किंवा माल घेतला, तर रक्कम सरकारच ठरवी. वस्तू हप्त्याने घेतलेली असेल, तर ती रक्कम हप्ते भरणारा व मूळ मालक यांच्यात वाटली जाई.

म्हणूनच तेव्हा हुकूम आणि मालाची यादी जपणे फार महत्त्वाचे होते. यादीत जे नाही, त्याचे पैसे मागणार कशाच्या जोरावर?

कायदा १९४६ च्या सप्टेंबरअखेर संपला. जुन्या ट्रंकेत असे कागद सापडले, तर रद्दीत टाकू नका. नातवंडांना वाचून दाखवा. आपल्या घराचा इतिहास त्यात आहे.