कुंभाराला चाकाइतकेच अंगणही हवे

संक्रांतीला सुगडे, अक्षय्य तृतीयेला घागर, नवरात्रात घट आणि दिवाळीला पणत्या! आपल्या घरचे सण कुंभाराच्या चाकावाचून पुरे होत नाहीत. गावगाड्यात कुंभार हा बारा बलुतेदारांपैकी एक. सुगीला खळ्यावर त्याचा वाटा ठरलेला असे. पण जिथे खळे नाही आणि मातीला तळेही नाही, अशा शहरात कुंभार कसा जगत असेल? याचे उत्तर मुंबईच्या धारावीत, ९० फुटी रस्त्यालगतच्या कुंभारवाड्यात मिळते.

सौराष्ट्रातून मुंबईला

येथील बहुतेक कुटुंबे मूळची गुजरातेतील सौराष्ट्राकडची, प्रजापती समाजाची. दुष्काळाने आणि पोटाच्या पाठी ती कित्येक पिढ्यांपूर्वी मुंबईस आली. शहर वाढत गेले तसतसे त्यांना बिऱ्हाड हलवावे लागले. अखेर १९३० च्या दशकात ती धारावीत स्थिरावली. तेव्हा हा भाग शहराच्या कडेला, खाडीलगतच्या दलदलीत होता. कातडी कमावण्यासारखे वासाचे आणि धुराचे धंदे तिकडेच लोटले जात. पुढे मुंबई धारावीच्याही पलीकडे पसरली आणि कडेची ही जागा शहराच्या मधोमध आली. आज शेजारीच वांद्रे-कुर्ला संकुलाच्या उंच इमारती उभ्या आहेत.

घर तोच कारखाना

कुंभारवाड्यातील घराची रचना पाहण्याजोगी आहे. एका बाजूला रस्ता आणि विक्रीचे दुकान, मध्ये राहण्याची व कामाची जागा आणि दुसऱ्या बाजूला चौक. या चौकात विटांच्या भट्ट्या असतात. एकेक भट्टी अनेक घरे मिळून वापरतात.

माती बाहेरून, बरीचशी गुजरातेतून, ट्रकने विकत आणावी लागते. ती वाळवून, फोडून, भिजवून, गाळून घ्यायची आणि मळायची. पूर्वी हे काम पायांनी तुडवून होई. आता अनेक ठिकाणी यंत्र आहे. चाकही बहुतेकांकडे विजेवर फिरते. चाकावर बहुधा पुरुष बसतात. माती तयार करणे, पणत्या रंगवणे, भट्टी रचणे आणि विक्री यांत बायकांचा मोठा वाटा असतो. पण घरची कारभारीण कामाची म्हणून क्वचितच मोजली जाते. शेतकरी भगिनींना हे निराळे सांगायला नको!

घडवलेली भांडी सावलीत आणि मग उन्हात वाळवावी लागतात. ओल राहिली तर आत वाफ कोंडून भांडे भट्टीत फुटते. म्हणून पावसाळा हा कुंभाराच्या अडचणीचा काळ. भट्टीत भांडी आणि जळण थराथराने रचून वर खापऱ्या व राख टाकतात. लाकूड महाग, म्हणून कापडाच्या कारखान्यांतील चिंध्या आणि कापसाचा टाकाऊ भाग जाळतात. शहराचा कचरा असा उपयोगी पडतो खरा. पण त्याचा दाट धूर घरांत शिरतो आणि माणसांच्या छातीत जातो. हे दुखणे जुने आहे.

सुमारे ६०० अंश सेल्सियसच्या पुढे तापल्यावर मातीच्या कणांत बांधलेले पाणी निघून जाते. मग ते मडके कितीही भिजले तरी पुन्हा चिखल होत नाही. बारीक छिद्रे मात्र राहतात. त्यांतून पाझरलेले पाणी वाऱ्याने उडते, उडताना उष्णता घेऊन जाते आणि माठातले पाणी गार होते. म्हणूनच तैलरंगाने चकचकीत केलेला माठ घेऊ नये. रंगाने छिद्रे बुजतात.

प्रश्न जागेचा

धारावीचा पुनर्विकास करण्याचे राज्य शासनाने २००४ मध्ये ठरवले. अनेक अडथळ्यांनंतर नोव्हेंबर २०२२ मध्ये अदानी समूहाची निविदा सर्वाधिक ठरली. पात्र रहिवाशांना ३५० चौरस फुटांचे घर देण्याचे जानेवारी २०२४ मध्ये जाहीर झाले. पक्के घर, स्वतंत्र संडास आणि नळाचे पाणी कोणाला नको? पण कुंभाराचा पेच निराळा आहे. आठव्या मजल्यावर माती चढवायची कशी? शेकडो ओल्या पणत्या वाळत घालायच्या कुठे? भट्टी पेटवायची कुठे? धंद्यासाठी गाळा मिळाला, तरी गाळा म्हणजे अंगण नव्हे. वाळवण आणि सामाईक भट्टी यांना मोकळी जमीनच लागते. धूर कमी करणाऱ्या गॅसच्या वा सुधारलेल्या भट्ट्या करता येतील. पण त्याही जमिनीवरच उभ्या राहणार.

वाचकहो, हा प्रश्न केवळ मुंबईचा नाही. गावोगावी तळ्याचा काठ, कुंभाराच्या आव्याची जागा आणि माती आणण्याची वाट हळूहळू बांधकामाखाली जात आहे. कुंभाराचा मुलगा धंदा सोडतो तेव्हा आपण म्हणतो, प्लॅस्टिकने आणि स्टीलने मारले. ते खरेच, पण जागा गेल्यानेही धंदा मरतो. पुढच्या ग्रामसभेत आपल्या गावच्या आव्याची जागा शिल्लक आहे का, एवढे तरी विचारावे. आणि यंदा पणत्या घ्याल तेव्हा गावातल्या चाकावरच्या घ्याव्यात.