पडद्यावरचे ससे आणि वर्गातली मुले

जीवशास्त्रातले जे शिकवायचे असते, त्यातले बरेचसे डोळ्यांना दिसतच नाही. जनुक फार सूक्ष्म, उत्क्रांती फार संथ, परासरण पेशीच्या पटलातून चाललेले. मग व्याख्या पाठ होतात. त्यातून वर्गात कुणी मराठी परिच्छेद वाचतानाच अडखळते, तर कुणी आधीच पुस्तक संपवून बसलेले असते. अशा वर्गाला संवादी डिजिटल साहित्याने काय दिले आणि काय द्यायचे राहिले, हे पाहायला हवे.

अमेरिकेतील शिक्षणतज्ज्ञ कॅरोल ॲन टॉमलिन्सन यांनी भिन्नस्तरीय अध्यापनाची मांडणी केली. मुलाची तयारी पाहून आशय, प्रक्रिया आणि फलित यांत बदल करावा, हे तिचे सूत्र. ‘प्रथम’ संस्थेने इयत्तेऐवजी पातळीनुसार गट करून वाचन आणि गणित शिकवले, तेव्हा हाच विचार आपल्याकडे रुजला. विज्ञानाच्या तासाला मात्र तो अजून फारसा पोहोचलेला नाही.

आनुवंशिकतेसाठी पॉल हॉरविट्झ यांनी १९९०च्या दशकात ‘जेनस्कोप’ हे सॉफ्टवेअर तयार केले. त्यात मुले काल्पनिक ड्रॅगनची जनुके बदलतात आणि पंख, शिंगे कशी बदलतात ते पाहतात. ड्रॅगन सगळ्यांनाच सारखे अनोळखी, म्हणून घरून मिळालेल्या माहितीचा फायदा कुणालाच नाही. पुढे कॉन्कॉर्ड कन्सॉर्टियम या संस्थेने याच वाटेवर ‘जेनिव्हेंचर’ रचले. मूल कुठे चुकते हे ओळखून ते सूचना देते आणि शिक्षकालाही ती अडचण दिसते.

नोबेल विजेते कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये कोलोरॅडो विद्यापीठात सुरू केलेला सिम्युलेशनचा ‘फेट’ प्रकल्प आधी भौतिकशास्त्राचा होता. आज त्यात नैसर्गिक निवडीचे सशांचे सिम्युलेशन आहे. पांढऱ्या सशांत तपकिरी रंगाचे उत्परिवर्तन आणायचे, लांडगे सोडायचे, प्रदेश बर्फाळ की उष्ण ते ठरवायचे. वर्गाचे तयारीनुसार तीन गट केले, तर पहिला गट कोणते ससे टिकले ते नोंदवील. दुसरा आलेखावरून पुढच्या पिढ्यांचा अंदाज बांधील. तिसरा तपकिरी रंगाचे जनुक अप्रभावी ठेवील आणि रंग लगेच का दिसत नाही, याचे कारण शोधील. प्रश्न तिघांचा एकच, शिरण्याची दारे वेगळी. कच्च्या मुलाला सोपे काम देऊन बाजूला बसवणे याला भिन्नस्तरीय अध्यापन म्हणता येत नाही.

आपल्याकडेही पाया आहे. अमृता विश्व विद्यापीठम् आणि मुंबईच्या सी-डॅकने उभारलेल्या ‘ओलॅब्स’वर आभासी प्रयोग मराठीतूनही करता येतात. २०१७ मध्ये ‘दीक्षा’ मंच आला आणि पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडने धडा फोनवर पोहोचला. असे कोड सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी आधीच वापरले होते. त्यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळाले. पण नुसता व्हिडिओ मुलाला काही विचारत नाही. ‘एचफाइव्हपी’सारख्या मुक्त साधनाने त्याच व्हिडिओत जागोजागी प्रश्न घालता येतात आणि उत्तरानुसार पुढचा भाग बदलता येतो. प्रत्येकाच्या हाती यंत्र नसले तरी एका प्रोजेक्टरवर काम भागते: आधी प्रत्येकाने वहीत अंदाज लिहायचा, मग सिम्युलेशन चालवायचे, शेवटी फरकाचे कारण सांगायचे.

पडद्याची मर्यादाही ओळखायला हवी. कांद्याचा पापुद्रा स्वतः सोलून काचपट्टीवर ठेवताना हाताला जे कळते, ते माउसला कळत नाही. स्टॅनफर्डच्या मनू प्रकाश यांच्या गटाने २०१४ मध्ये मांडलेला कागदी सूक्ष्मदर्शक ‘फोल्डस्कोप’ म्हणूनच मोलाचा. पर्णरंध्रे आधी पानावर पाहावीत. ती उघडतात-मिटतात कशी, हे मग सिम्युलेशनने दाखवावे.

आता परदेशी साहित्याच्या भाषांतरावर थांबून चालणार नाही. कोकणची खारफुटी, माळरानावरची गवते, सह्याद्रीतले बेडूक यांवर रचलेली, तीन-चार पातळ्यांचे प्रश्न असलेली सिम्युलेशन्स मराठीत हवीत. ती जीवशास्त्राच्या शिक्षकांनी प्रोग्रामरांसोबत बसून घडवावीत आणि त्यासाठी त्यांना शाळेच्या वेळापत्रकातच तास मिळावेत. मुलाच्या अडचणीची खरी जागा त्या शिक्षकांनाच ठाऊक असते.